टॉम केनेलीचा काळा कप

१

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला मी बाळूच्या घरातल्या जिन्याखालच्या प्रेसचं दार उघडलं आणि आत हात घातला. व्हॅक्यूम क्लीनरची सोंड हाताला लागली. पुन्हा हात घातला, तर जर्सींचं गाठोडं आलं. तिसऱ्या खेपेला काहीच आलं नाही.

प्रेस म्हणजे कपाट. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. पहिल्या महिन्यात घरमालकिणीने "शर्ट प्रेसमध्ये आहेत" असं सांगितलं, तेव्हा मी लाँड्रीवाला शोधत अर्धं ब्युमॉन्ट पालथं घातलं होतं. पण आता मला विनोद सुचत नव्हता. क्लबचं सामान असतं त्या याच प्रेसमध्ये बुधवारी मी एक पिशवी ठेवली होती, तिच्यात टॉम केनेलीचा कप होता, आणि रविवारी दुपारी दोन वाजता तो कप डब्लिनमधल्या आठ परदेशी क्लबांसमोर टेबलावर मांडायचा होता.

मी चारुदत्त पेंडसे. पेशाने प्रोग्रॅमर, सह्याद्री रोव्हर्स फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी आणि राखीव गोलकीपर. आमचा क्लब दोन हजार तीन साली निघाला, तेव्हा घटनेत पहिलं कलम घातलं की खेळाडू मराठीच असेल. दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं की तेरा मराठी माणसांपैकी एकालाही गोल अडवता येत नाही. मग हॉस्पिटलातला नर्स सेबॅस्टियन आला. तो कोट्टायमचा, पण आमच्या रजिस्टरमध्ये सांगलीचा आहे. 'काय राव' एवढं तो सुरेख म्हणतो.

आमच्या लीगमध्ये पोलिश सुतार आहेत, नायजेरियन टॅक्सीवाले आहेत, फिलिपिनो नर्सेस आहेत, गॉलवेच्या पलीकडून येणारे ब्राझिलियन आहेत. सेमीफायनलला ब्राझिलियनांची व्हॅन वाटेत बंद पडली, म्हणून आम्ही फायनलला पोचलो. आमच्या यशाचा हा पूर्ण इतिहास आहे.

कप टॉमचा. टॉम बाळूच्या तीन घरं पलीकडे राहतो, वय बहात्तर. पन्नास सालाच्या सुमाराला तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे शॅनन एक्झाइल्स नावाच्या आयरिश क्लबकडून खेळला. "तिथे प्रत्येकाचा क्लब होता," तो सांगायचा. "जर्मनांचा स्वतःचा हॉल, युक्रेनियनांचा कोच म्हणजे त्यांचा पाद्री, इटालियनांच्या जर्सीवर खाटकाचं नाव. शनिवारपर्यंत आम्ही हमाल. रविवारी आम्ही आमच्या गावचे." अठ्ठावन साली एक्झाइल्सने कप जिंकला. पुढे पोरं पांगली, क्लब बुडाला, एकेक करत सगळी टीम वारली. उरला तो टॉम, आणि उरला तो कप.

यंदा तो कप आमच्या लीगच्या विजेत्यांना द्यायचा असं त्याने ठरवलं, आणि बुधवारी फाटकापाशी त्याने पिशवी माझ्या हातात दिली. कप तव्याच्या बुडासारखा काळा होता. "मागे नावं आहेत," तो म्हणाला, "पण कप काळा पडला आणि माझे डोळेही मंदावले. वीस वर्षांत वाचली नाहीत. सांभाळशील ना?"

"टॉम," मी म्हणालो, "समज माझ्या घरात आहे."

आणि तिथून चार पावलांवर, बाळूच्या घरात, मी तो हरवून बसलो होतो.

२

"आईला कळता कामा नये," बाळूचं पहिलं वाक्य हेच होतं.

बाळू नागपूरचा. त्याची आई तीन महिन्यांसाठी आली होती, आणि शनिवारी संध्याकाळी तिने सत्यनारायण ठरवला होता. "तिचं बीपी आहे," बाळू कुजबुजला. "घरातून वस्तू चोरीला गेली म्हटलं तर पूजा राहील बाजूला, ती सोमवारी विमानात बसेल."

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या पिढीने कुळाचार बरेच सोडले, पण आईवडिलांना काही कळू द्यायचं नाही हा एक मात्र निष्ठेने पाळला आहे. नोकरी जावो, गाडी ठोको, हाड मोडो, रविवारच्या फोनवर सगळं मजेत असतं. त्यामुळे काकू स्वयंपाकघरातून "चहा टाकू का रे पोट्टेहो?" म्हणाल्या तेव्हा आम्ही चौघं व्हॅक्यूम क्लीनरभोवती उभं राहून हसलो.

मी, बाळू, आमचा कॅप्टन प्रल्हाद आणि चौथी मुक्ता गोगटे. मुक्ता माझ्याच कंपनीत टेस्टर आहे. मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळतो आणि तो तिला कमी पडतो असं वाटण्याइतकं काम मी पुरवतो. क्लबमध्ये ती लाइनवर झेंडा धरते. आमच्या फॉरवर्डना ऑफसाइड देताना तिच्या चेहऱ्यावर जी शांतता असते, तीच आता होती.

"शेवटचा कोणी हाताळला?" तिने विचारलं.

"मी. पण मी ठेवला तेव्हा होता."

"हे तू प्रत्येक वेळी म्हणतोस. प्रोग्रॅमही तुझ्या मशीनवर चालतच असतो." तिने पर्समधून वही काढली. "बुधवारी संध्याकाळी पिशवी आत गेली. शुक्रवारी सव्वासहाला नाही. मधे या घरात कोण कोण आलं?"

बाळूने बोटांवर मोजलं. गुरुवारी सकाळी सिद्धांत आला होता, नऊ नंबरची जर्सी तोंडावर फेकायला, कारण फायनलच्या टीममधून त्याला काढलं होतं. गुरुवारीच संध्याकाळी हा प्रल्हाद आला, कॉर्नरचे झेंडे न्यायला. आणि आज दुपारी मारेक आला होता.

"मारेक? पोलिश कॅप्टन?" मी ओरडलो. "फायनलमधल्या शत्रूला घरात घेतलंस?"

"गोलचं जाळं द्यायला आला होता रे. आपलं फाटलंय. आईने त्याला उपमा दिला."

"आणखी काही हरवलंय घरातून?" मुक्ताने विचारलं.

"नाही. म्हणजे..." बाळू ओशाळला. "टूथपेस्ट संपली. मंगळवारी नवी आणली होती, मोठी ट्यूब. काल सकाळी होती, रात्री पिळून चपटी करून ठेवलेली. आणि माझा जुना ब्रश गेला."

प्रल्हाद हाडांचा डॉक्टर. तो म्हणाला, "म्हणजे चोर दात घासून गेला?"

मुक्ताने मात्र ते वहीत लिहून घेतलं. मग ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा ती चोराचा विचार करत नव्हती. तेवढं तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"चारुदत्त," ती म्हणाली, "त्या पिशवीत फक्त कपच होता?"

"नाही. एक स्टीलचा डबाही होता. काकूंनी टॉमला चिवडा पाठवला होता, त्याचा."

"झाकणावर नाव घातलेला? दीनानाथ वानखडे?"

"बाळूचे बाबा गेले ना, त्यांचं नाव आहे ते. तुला कसं माहीत?"

"तो डबा धुऊन, पुसून फळीवर ठेवलाय," मुक्ता म्हणाली. "डाळीच्या डब्याशेजारी."

३

शनिवारी सकाळी आम्ही सिद्धांतच्या घरी गेलो. सिद्धांत दादरचा आहे. तो आधी बोलतो आणि मग विचार करतो, बहुतेक वेळा विचार राहूनच जातो.

"मी घेतला असता तर लपवला असता का?" तो म्हणाला. "लिफी नदीत फेकला असता! सगळ्यांसमोर! अरे, ज्या टीममध्ये सांगलीचा मल्याळी चालतो, तिथे दादरचा माणूस चालत नाही?"

"तू सहा मॅचमध्ये एकच गोल केलास," मी म्हणालो, "आणि तो आपल्यावर."

"तू काकूंना भेटलास का गुरुवारी?" मुक्ताने मधेच विचारलं.

"भेटलो ना. जिन्याखाली डोकं घालून बसल्या होत्या. व्हॅक्यूम काढायला. पूजेची साफसफाई. मी काढून दिला, लाडू खाल्ला, आलो."

"राग आला असताना लाडू खाल्लास?"

"लाडवावर कसला राग?" सिद्धांतने निरागसपणे विचारलं.

तिथून आम्ही मारेककडे गेलो. तो गॅरेजमध्ये दार रंधत होता. कप हरवला म्हणताच त्याचा रंधा थांबला. "टॉमला सांगितलं?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "सांगू नका. मी लाकडाचा करून देतो उद्यापर्यंत. काळा रंग लावू." एवढा भला शत्रू मला परवडण्यासारखा नव्हता. मी त्याला संशयितांतून काढून टाकला आणि मनातून जरा खट्टू झालो, कारण चोर तोच निघावा अशी माझी फार इच्छा होती.

मग प्रल्हाद. तो हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटला, दोन ऑपरेशनांच्या मधे.

"कपाचं मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "मी झेंडे घेतले आणि काकूंनी मला कामाला लावलं. नारळ आणायला मूर स्ट्रीटला धाडलं."

"नारळ तर बाळूने आधीच आणला होता," मी म्हणालो.

"तो लहान पडला म्हणे. 'मोठा पाह्यजे बाप्पा, हा आतच जाऊन राह्यला.' पाच दुकानं हिंडलो. शेवटी शहाळ्याएवढा एक मिळाला."

मुक्ता चमचा कपात तसाच ठेवून बसली. "प्रल्हाद, काकू गेल्या आठवड्यात कशाबद्दल कुरकुर करत होत्या?"

"सगळ्याबद्दल. थंडीबद्दल, कोथिंबिरीबद्दल, बाळूच्या लग्नाबद्दल."

"त्याशिवाय?"

प्रल्हादने आठवून पाहिलं. "हां, कलशाबद्दल. या घरात धड तांब्या नाही, पूजा काय प्लास्टिकच्या जगवर मांडू का, रोज हेच चाललं होतं. मला दोनदा फोन करून विचारलं, हॉस्पिटलात तांब्या मिळतो का म्हणून."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी..." प्रल्हाद थांबला. "गुरुवारी नाही म्हणाल्या काही."

मुक्ताने वही मिटली. आम्ही गाडीत बसलो. मी तीनदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आपण सिद्धांतला विचारलं, प्रल्हादला विचारलं, मारेकला विचारलं. घरात चोवीस तास असणाऱ्या माणसाला विचारलंच नाही."

"काकूंना? अगं, त्यांना कळता कामा नये असं ठरलंय."

"तेच तर," मुक्ता म्हणाली. "संध्याकाळी सोवळ्यात असल्यासारखा चेहरा करून ये. आणि काही झालं तरी ओरडू नकोस."

४

पूजेला चाळीस माणसं होती. ब्युमॉन्टमध्ये गुरुजी मिळत नाहीत, म्हणून गुरुजी कॅसेटमध्ये होते. "आता कलशाला गंध लावावे," असं कॅसेट म्हणाली की बाळू पॉझ दाबायचा, गंध लावायचा आणि पुन्हा प्ले दाबायचा. एकदा चुकून रिवाइंड झालं आणि गणपती दोनदा पुजला गेला. काकू म्हणाल्या, चांगलंच झालं.

पहिल्या रांगेत खुर्चीवर टॉम होता. त्याचे गुडघे वाकत नाहीत. त्याने कोट-टाय घातला होता आणि हातात अक्षता घेऊन तो इतका गंभीर बसला होता, की यजमान तोच वाटावा. मला पाहताच त्याने जवळ बोलावलं.

"कप ठीक आहे ना?"

 मी उत्तर शोधत चौरंगाकडे पाहिलं. चार बाजूंना केळीची पानं नव्हती, म्हणून टॉमच्याच कुंपणाची हिरवी पानं बांधली होती. मधे तांदळाची रास, राशीवर कलश. कलशाला लाल खण गुंडाळलेला, वर विड्याची पानं, आणि पानांवर प्रल्हादने आणलेला तो अवाढव्य नारळ. एवढा नारळ पेलायचा म्हणजे भांड्याचं तोंड चांगलंच मोठं हवं, असं मला वाटून गेलं. मग खणाच्या दोन्ही बाजूंना दोन टेंगळं दिसली. कलशाला टेंगळं नसतात.

कपाला कान असतात.

मी ओरडणार होतो. मुक्ताने माझ्या पायावर पाय दिला.

"ठीक आहे ना?" टॉमने पुन्हा विचारलं.

"अगदी डोळ्यांसमोर आहे," मी म्हणालो. क्लबच्या सेक्रेटरीने त्या आठवड्यात उच्चारलेलं ते एकमेव खरं वाक्य.

टॉम म्हणाला, "ग्रँड." आणि त्याने आपल्याच कपाला अक्षता वाहिल्या.

तिसऱ्या अध्यायाला आम्ही दोघं मागच्या अंगणात सटकलो. "सांग," मी म्हणालो. "शेवटपर्यंत सांग, नाहीतर मी आत्ता नारळ उचलतो."

"चोर डबा धुऊन फळीवर ठेवत नाही," मुक्ता म्हणाली. "म्हणजे पिशवी घरच्याच माणसाने उघडली. गुरुवारी काकू व्हॅक्यूम काढायला प्रेसमध्ये शिरल्या, सिद्धांतने पाहिलंच. समोर पिशवी, आणि पिशवीत नवऱ्याचं नाव घातलेला स्वतःचा डबा. डब्यासोबत एक भांडं. आता सांग, तुझ्या आईने शेजारी डबाभर चिवडा पाठवला, तर डबा परत कसा येतो?"

 डबा रिकामा परत करत नाहीत. वाटीभर साखर असेल, दोन फळं असतील, काही नसेल तर चिमूटभर मीठ असेल. पण रिकामा डबा देत नाहीत.

"काकूंनी ते टॉमची परतभेट समजली," मुक्ता म्हणाली. "आठ दिवस तांब्या नाही म्हणून जीव टाकत होत्या, आणि देवाने शेजाऱ्याच्या हातून पाठवला. कुरकुर त्या दिवसापासून बंद. भांडं काळं होतं, खरवडल्यावर चांदी दिसली. चांदी कशाने घासतात आपल्याकडे?"

"टूथपेस्टने," मी म्हणालो. "मुक्ता, म्हणजे त्यांनी तो घासला?"

"लख्ख. आपण कालपासून काळा कप शोधत होतो."

"पण टॉमने तो पन्नास वर्षं तसाच ठेवला होता! चांदीचा मुलामा असेल, नावं घासून गेली असतील तर?"

मुक्ताने खिडकीतून आत कलशाकडे पाहिलं. तिला मी पहिल्यांदाच घाबरलेली पाहिली.

आम्ही बाळूला बाहेर बोलावलं, बाळूने काकूंना, आणि ज्यांना कळता कामा नये त्यांना सगळं कळलं. त्यांचं बीपी जागचं हललं नाही.

"चोरी?" काकू म्हणाल्या. "माय, मले विचारलं असतं तर मी सांगतलं नसतं काय? कालपासून तुम्ही असे तोंडं पाडून फिरून राह्यले, मले वाटलं पोट्ट्याची नोकरी गेली! मीच बीपीची गोळी दोनदा घेतली." मग त्यांचा आवाज खाली आला. "पन हा गडू त्यानं देल्ला नव्हता काय? दुसऱ्याची ठेव होय ते?"

"काकू, त्याच्यावर नावं होती," मी म्हणालो. "मागे. ती आहेत का अजून?"

"नावं हायेत नं. भांड्यावर नावं राह्यतेच. मले इंग्रजी वाचता येत नाही. पन नाव काही कोनी घासून काढत नाही बाप्पा, मी तिथं ब्रश नाही लावला, कापूस घेऊन घासलं, अक्षरं सांभाळून."

"तर मग आत्ताच..."

"आत्ता नाही," काकू ठामपणे म्हणाल्या. "मांडलेला कलश उत्तरपूजा झाल्याबिगर हलवत नाहीत. सकाळी आठ वाजता. आनि त्या भाऊकडे मी सोता जाईन. चूक माही होय."

५

रविवारी सकाळी आठ वाजता कॅसेटमधल्या गुरुजींनी देवाला निरोप दिला आणि बाळूने नारळ उचलला. काकूंनी खण सोडला. चौरंगावर जे उभं होतं त्याकडे आम्ही नुसते पाहत राहिलो. मी टॉमच्या हातून काळं डबडं घेतलं होतं. हा कप चांदण्यासारखा पांढरा होता.

आम्ही चौघं टॉमच्या दारात गेलो. काकू पुढे, पदराखाली कप. मला वाटत होतं, हा माणूस आता दार आपटेल. पन्नास वर्षांची वस्तू कोणी न विचारता घासूनपुसून आणली, तर मी आपटलं असतं.

टॉमने दार उघडलं. काकूंनी कप पुढे धरला आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "टामभाऊ, माही चूक झाली. मले वाटलं तुम्ही मले देल्ला. माफ करजा."

मी इंग्रजीत सगळं सांगू लागलो. डबा, परतभेट, पेस्ट, नारळ. टॉम ऐकत नव्हता. त्याने कप हातात घेतला, उजेडाकडे फिरवला आणि कोटाच्या खिशातून चष्मा काढला.

"जो डेव्हिट," तो म्हणाला.

 मग, "पॅट डेव्हिट. भाऊ होते. मिक रॅफ्टरी. डावा पाय नव्हताच त्याला, नुसता उजवा." त्याचं बोट अक्षरांवरून सरकत होतं. प्रत्येक नावापाशी थांबून तो काहीतरी सांगत होता, कोण पुलावर कामाला होता, कोणाचं लग्न क्लबच्याच हॉलमध्ये झालं. सातव्या नावाला तो स्वतः होता. तिथे तो थांबला नाही.

अकराव्याला तो हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसायचं काही नाटक केलं नाही.

"लायोश सॅबो," तो म्हणाला. "गोलकीपर. सत्तावन साली हंगेरीहून पळून आला. आम्हाला गोलकीपर नव्हता, आणि घटनेत लिहिलं होतं की खेळाडू आयरिशच हवा. म्हणून आम्ही त्याला कॉर्कचा केला. कॉर्कच्या माणसाचं बोलणं न्यूयॉर्कमध्ये कोणालाच कळत नव्हतं, त्यामुळे खपून गेलं."

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाच्या लेसकडे पाहिलं.

"कोन होय हे लोक?" काकूंनी विचारलं.

"त्यांच्या टीममधले," मी म्हणालो. "अकरा जण. आता टॉमशिवाय कोणी नाही."

काकूंनी पदराने कपाचा काठ पुसला. त्या कपावर नवऱ्याचं नाव नव्हतं, पण नाव घातलेलं भांडं मागे उरणं म्हणजे काय, हे त्यांना मी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अकरा काय," त्या म्हणाल्या. "बरं."

६

फायनल आम्ही पाच-एक हरलो. एक गोल सिद्धांतने केला. प्रल्हादचा स्नायू दुखावला म्हणून सिद्धांतला शेवटची वीस मिनिटं खेळवलं, आणि या वेळी गोल समोरच्या बाजूला झाला. सेबॅस्टियनने दोन पेनल्टी अडवल्या. टॉम लाइनवरून ओरडत होता, "शाब्बास, कॉर्क!" नायजेरियन टॅक्सीवाल्यांना काही कळेना, पण तेही ओरडू लागले.

बक्षीस समारंभाला कप टेबलावर होता. टॉम तो मारेकला देणार, इतक्यात काकूंनी हात वर केला. त्यांच्या हातात परत गरम केलेल्या प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं होतं, आणि पातेल्यात डाव.

"रिकामं भांडं द्यायचं नाही," त्या म्हणाल्या आणि कपात एक डाव शिरा घातला. मग दुसरा. मग तिसरा. लीगचा अध्यक्ष घड्याळ पाहत होता. पोलिश टीम चिखलात उभी होती, आणि काकूंना कसलीही घाई नव्हती. पाचव्या डावापाशी टॉमच्या लक्षात आलं. तो पुढे झाला आणि ओठांतल्या ओठांत नावं घेऊ लागला. सातव्या डावाला टॉम स्वतःच्या नावापाशी अडखळला, तशा काकू थबकल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि तो डाव कपात न घालता त्याच्या तळहातावर ठेवला. मग राहिलेले चार घातले. अकरावा पडला तेव्हा कप काठोकाठ भरला होता.

मारेकने कप दोन्ही हातांनी घेतला. तो अपेक्षेपेक्षा जड होता आणि गरम होता. त्याने आत डोकावलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

टॉमच्या तोंडात शिरा होता. त्याने तो आधी गिळला.

"टीम आहे," तो म्हणाला. "सांभाळून ने."

पुढच्या ऑगस्टमध्ये कप परत आला. मारेक स्वतः टॉमच्या दारात घेऊन आला, वर स्वच्छ रुमाल बांधलेला. आत बटाट्याचं सारण भरलेले पोलिश पिरोगी होते, आपल्या करंजीसारखे. टॉमने मोजले. दहा भरले. मग मारेकने खिशातून कागदात गुंडाळलेला अकरावा काढला आणि टॉमच्या हातावर ठेवला.

त्या रविवारी मी नागपूरला फोन लावला. काकूंनी बाकी काही विचारलं नाही.

"रिकामा नाही नं आला?" त्या म्हणाल्या.